विघ्नहर्त्याच्या बंदोबस्ताला लिंबू

गणपतीच्या आधी पेणहून निघणारा मूर्तींचा टेंपो नीट पाहावा. मागे पेंढ्यात आणि प्लास्टिकात दाटीवाटीनं बसवलेले पन्नास-साठ विघ्नहर्ते. डॅशबोर्डावर एक कायमस्वरूपी विघ्नहर्ता, त्याच्यापुढे विझलेली उदबत्ती. आणि बंपरला, काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक लिंबू आणि सात मिरच्या. एवढ्या देवांना वडखळ नाक्यापलीकडे सुखरूप पोचवण्याची जबाबदारी त्या लिंबावर आहे.

ज्या कारखान्यातून हा माल निघाला, त्याच्याही चौकटीला लिंबू असतं. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत घरटी मूर्ती घडतात, वर्षाला लाखोंनी बाहेर पडतात, पार अमेरिकेपर्यंत जातात. पेणच्या मूर्तीला भौगोलिक मानांकन मिळालं. लिंबाला अजून मिळालेलं नाही, पण वजन त्याचंच जास्त. आखणी करणारा कारागीर श्वास रोखून देवाचे डोळे उघडतो, आणि ते उघडल्यावर देवाला पहिलं दर्शन होतं ते दारावरच्या लिंबाचं.

यावर जाणकारांचा खुलासा तयार असतो. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती नुसती मूर्ती, तोवर तिला संरक्षण नको का? मुद्दा बिनतोड आहे. मग चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा होते, देव रीतसर कामावर रुजू होतो, आणि घराच्या दारावरचं लिंबू जागचं हलत नाही. म्हणजे वॉचमन ठेवायचा, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा वॉचमन.

रोह्याचा थाट याहून मोठा. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते तेव्हा देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. पालखी गावभर फिरते, माणसं ताटं घेऊन उभी असतात. बंदुकांच्या सलामीचा मानकरी असा देव स्वतः दारात आलेला, आणि त्याच्या डोक्यावर मागच्या शनिवारचं सुकलेलं लिंबू!

या लिंबाची सेवाशर्तही पाहण्यासारखी आहे. नेमणूक शनिवारी, मुदत सात दिवस. जोडीला कधी बिब्बा, कधी कोळसा. अरिष्ट रविवार ते शुक्रवार जुन्या लिंबाला घाबरतं, शनिवारी नव्याला. 2022 च्या एप्रिलमध्ये लिंबू एवढं महागलं की एकेक नग दहा रुपयांना जाऊ लागला. सरबताचे ग्लास आखडले, तशी बंपरवरची लिंबंही गोटीएवढी झाली. अरिष्टानं ती चालवून घेतली असावीत, कारण लहान लिंबामुळे बाधा झाल्याची तक्रार कुठं ऐकू आली नाही.

लिंबू बांधणारी ही माणसं भित्री असती तरी परवडलं असतं. भित्रा माणूस निदान गाडी हळू चालवतो. हे भीत नाहीत. नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंडीत, पुढचं काही दिसत नसताना, वळणावर हे ट्रकला मागे टाकतात. हेल्मेट कोपरात अडकवलेलं असतं, कारण कोपराला नजर लवकर लागते. मोटारवाल्याची तऱ्हा वेगळी. कंपनीनं बेल्ट दिलेला असतो, तो लावला नाही की शिट्टी वाजते, म्हणून शिट्टी बंद पाडायला बाजारातून चिमटी विकत आणून खाचेत खुपसलेली असते. जीव वाचवणारी वस्तू बंद पाडायला हा गृहस्थ पैसे मोजतो आणि पुढच्याच टपरीवर लिंबू विकत घेतो. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. खड्डे गणपतीपूर्वी बुजणार, हे दर श्रावणात ऐकू येतं आणि भाद्रपदात खड्डे मोरया म्हणत हजर असतात. त्या खड्ड्यांवरून ऐंशीच्या वेगानं, एका हातात मोबाईल धरून जाणाऱ्या या शूरानं करकचून ब्रेक कधी मारावा? रस्त्यावर कुणीतरी टाकलेलं लिंबू दिसलं की! मागे दुचाकीवर बाई आहे, तिच्यापुढे पोर उभं आहे, याची फिकीर नाही. चाक लिंबावरून जाता कामा नये. देवावर भरवसा असता तर लिंबू लागलं नसतं आणि संकटाची खरी भीती असती तर बेल्ट लागला असता. या माणसाकडे दोन्ही नाही, आणि तरी संध्याकाळी पारावर बसून तो आपल्या श्रद्धेला धक्का लागल्याचं सांगत असतो. धक्का त्या दुचाकीवाल्या बाईला लागला होता.

आता बाजारात प्लास्टिकचं लिंबू-मिरची आलं आहे. धुता येतं, वर्षभर टिकतं, दर शनिवारचा खर्च वाचतो. टेंपो स्टँडवर त्यावर दोन तट पडलेत. जुन्या मताचे म्हणतात, ज्यात रस नाही ते काय राखण करणार. नव्या मताचे म्हणतात, भाव बघा आधी. तूर्त तडजोड अशी निघाली आहे की प्लास्टिकचं कायम ठेवावं आणि त्याला कुणाची नजर लागू नये म्हणून अमावास्येला शेजारी एक खरं बांधावं.