गंगापूरचा पाणिनी

गंगापुरात बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरणं, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, सगळं एकाच टेबलावर. त्यामुळे तालुक्यातला प्रत्येक बेकार पदवीधर कधी ना कधी माझ्या काउंटरवर कोपर टेकून उभा राहतोच. बीएडवाले येतात, डीफार्मवाले येतात, तलाठी भरतीवाल्यांचा तर हंगामच असतो. पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून भाषाविज्ञानात एमए केलेला आणि वर पायथन शिकलेला गडी मी पहिल्यांदाच पाहिला.

"मग, आता पुढं काय?" मी विचारलं.

"काका, काहीतरी अर्थपूर्ण काम करायचंय."

शेजारी उभ्या असलेल्या वडिलांचा चेहरा एकदम खुलला. 'अर्थपूर्ण' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत कोणत्या व्यवहाराला लावतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. "मंग एखादं चांगलं टेबल बघ की," ते म्हणाले. पोरानं तिथंच शब्दार्थविचारावर पाच मिनिटं घेतली. वडील कापसाचं बी आणायला म्हणून जे गेले, ते संध्याकाळीच घरी आले.

शाळेतल्या मराठीच्या मास्तरांनी कौतुकानं त्याचं नाव 'पाणिनी' ठेवलं. गावानं त्यातलं 'पाणी' तेवढं उचललं. मे महिन्यात तीन वस्त्यांवरची माणसं त्याला विचारायला आली, टँकर कधी सुटणार?

वाळूज एमआयडीसी आमच्याच तालुक्यात. तिथल्या एका कारखान्यात त्याची मुलाखत झाली. साहेबांनी भाषाविज्ञान म्हणजे भाषांतर असं धरलं आणि गेटवर लावायच्या मराठी सूचनांचा कागद पुढं केला. पहिलीच ओळ, 'हेल्मेट घाला'. याच्या अंगात आलं. मराठी माणूस शर्ट घालतो, साडी नेसतो, फेटा बांधतो, बांगड्या भरतो, एकेका वस्तूला वेगळं क्रियापद. आणि टोपी स्वतः घातली तर पेहराव, दुसऱ्याला घातली तर फसवणूक! तेव्हा हेल्मेटचं नक्की काय करायचं, यावर आधी सर्वेक्षण व्हायला हवं, असं त्यानं सुचवलं. साहेबांनी पाणी मागवलं. बहुधा स्वतःसाठी.

मग घरबसल्या काम मिळालं. मोबाइलवर मराठी वाक्यं येत, आणि माणूस खुशीत आहे की रागात, ते ठरवून खूण करायची. संगणकाला शिकवण्यासाठी. पैसे वाक्यावर. हुशार माणसानं दिवसाला पाचशे उडवली असती. आमचा पाणिनी पहिल्या दिवशी अकरा वाक्यांवर थांबला, कारण बारावं वाक्य होतं, 'बरं.' एवढंच. हे 'बरं' होकाराचं, धमकीचं, की सासूच्या फोनवरचं? त्यानं खाली तीनशे शब्दांचं टिपण जोडलं. पलीकडून उत्तर आलं, 'एकच पर्याय निवडा.' काम सुटलं. माझ्या मते तो बरोबर होता, पण माझ्या मताला वाक्यामागं पैसे मिळत नाहीत.

रिकामपणात त्यानं आजीची बोली टिपायला घेतली. आमच्या भागात 'येत आहे' कोणी म्हणत नाही, 'येऊ राहिले' म्हणतात. त्याला तेच हवं होतं. पण मोबाइलचा तांबडा ठिपका दिसला की आजी आकाशवाणी. "मी विहिरीवरून पाणी आणत आहे," ती पदर सावरून सांगायची. विल्यम लबॉव्ह नावाच्या अमेरिकन पंडितानं या अडचणीला 'निरीक्षकाचा विरोधाभास' म्हटलंय, असं त्यानं मला सांगितलं. ऐकणारं कोणी नसताना माणसं कशी बोलतात ते हवंय, आणि ऐकल्याशिवाय ते मिळत नाही. आजीनं शेवटी विचारलं, "झालं का तुपलं? बंद केलं? हां, तर मी काय सांगू राहिले व्हते..." आणि पुढचा पाऊण तास अस्सल गंगापुरी. टिपलेलं काहीच नाही.

वडिलांना पटवायचा त्यानं एकदा मनापासून प्रयत्न केला. ग्रिअर्सन या आयरिश साहेबानं भारतातल्या भाषांची पाहणी केली, मराठीचा खंड 1905 साली निघाला. तुलना करता यावी म्हणून बोलीबोलीतून बायबलातली एकच गोष्ट उतरवून घेतली. वडिलांनी विचारलं, कोणती? पोरानं सांगितली. एक धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा घेतो, लांबच्या मुलखात जातो, सगळा पैसा उडवतो आणि हात हलवत बापाच्या दारात येतो.

वडील बराच वेळ वावराकडं बघत राहिले. "कोणत्याबी बोलीत सांग," ते म्हणाले, "मला समजली."

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा त्यांनी आपणहून माझ्या दुकानात येऊन विचारलं होतं, यात भरती किती जागांची?

अखेर मीच त्याला कोपऱ्यातला जुना संगणक दिला. आमच्या धंद्यातली मुख्य डोकेदुखी म्हणजे नावं. कायगाव टोक्याचा पूल ओलांडला की नेवासा तालुका. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी तिथं सांगितली गेली. त्यामुळे या पट्ट्यात वाडीवाडीवर ज्ञानेश्वर. इंग्रजीत एका कागदावर तो 'डीएनवाय'नं सुरू होतो, दुसऱ्यावर 'जीवाय'नं, तिसऱ्यावर 'जेएन'नं. माणूस एक, अनुदान अडकलेलं. पाणिनीनं दोन रात्रीत एक प्रोग्रॅम लिहिला. नाव मराठीत टाकलं की होऊ शकतील तेवढी सगळी स्पेलिंगं पुढं येतात, आणि कोणत्या कागदात घोळ आहे ते अर्ज पाठवायच्या आधीच कळतं. माझी दिवसाची निम्मी भांडणं गेली. फॉर्ममागं तीस रुपये त्याला द्यायचं ठरलं.

परवा एक म्हातारबा आले, तीन कागद, तिन्हींवर वेगळे ज्ञानेश्वर. मागं रांग दारापर्यंत. पाणिनीनं त्यांना खुर्ची दिली आणि समजावायला घेतलं. "बाबा, 'ज्ञ' म्हणजे ज आणि ञ. आपण मराठी माणसं म्हणतो 'द्न्य', म्हणून 'डीएनवाय'. 'ग्य' म्हणतात हिंदीवाले. हे 'जीवाय' मराठी नाहीच, हे आपण काढून टाकू."

म्हातारबांनी मान डोलावली.

"मग तुमचं नाव तुम्ही कसं म्हणता? एकदा तोंडानं सांगा."

"ग्यानबा," म्हातारबा म्हणाले. "मह्या बापालाबी ग्यानबाच म्हणायचे."

पाणिनीचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ओ, लाइट जाईल आता!" त्यानं खिशातून मोबाइल काढला, तांबडा ठिपका लावला, मग काहीतरी आठवून मोबाइल पालथा फायलीखाली सरकवला आणि खुर्ची म्हातारबांच्या जवळ ओढली.

"बाबा, लहानपणी तुम्ही कुठल्या वस्तीवर होता?"