समितीतली रिकामी खुर्ची

सरकारी रुग्णालयात गुणवत्ता वरून येते, परिपत्रकासोबत. राष्ट्रीय मानकांचे आठ विभाग, पास होण्यापुरते 70 टक्के. तपासणी जवळ आली की भिंती रंगतात, फलक लागतात, समिती बसते, चहा होतो. इतिवृत्तही सुंदर लिहिलं जातं.

फक्त रात्री दोन वाजता वॉर्डात उभा असणारा निवासी डॉक्टर या समितीत नसतो. कुठला मॉनिटर चापट खाल्ल्याशिवाय चालत नाही, कुठल्या सॉकेटमधून ठिणगी उडते, मागच्या दाराची किल्ली कोणाच्या खिशात असते, हे त्याला पाठ असतं. पण त्याला विचारायचं कशाला? तो शिकायला आलाय! पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा नियम 2020 साली झाला. म्हणजे नव्या डोळ्यांची माणसं आयतीच दारात येतात. आपण त्यांना हजेरीपट दाखवतो.

जबाबदारी वाटताना मात्र आपण खालच्यांना विसरत नाही. 6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी 11 रुग्ण दगावले. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचं निलंबन झालं. त्या आठवड्यात पोलिसांनी अटक केली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना.

तेव्हा साहेब, पुढच्या बैठकीत रात्रपाळीवाल्यासाठी एक खुर्ची ठेवा. आणि बैठक सकाळी अकराला नको. तेव्हा तो ओपीडीत असतो.