दणकट कॅमेऱ्याचे लाड

हौशी फोटोग्राफर कॅमेरा बदलायला निघाला की जुन्या कॅमेऱ्याविषयी फारसं वाईट बोलत नाही. तो हवामानाविषयी बोलू लागतो. एरवी चार थेंब पडले तर भाजी आणायलाही बाहेर न पडणारा माणूस अचानक धूळ, गारठा, खारं वारं असल्या गोष्टींची काळजी वाहू लागतो. ‘आपल्याकडचा पावसाळा म्हणजे काय असतो, माहितीये ना!’ असं तो घरच्यांनाच सांगतो. मग दोन दिवसांनी, जेवताना, आमटीचा भुरका मारता मारता हळूच विषय काढतो : वेदर सीलिंग.

मी याच वाटेनं निकॉनच्या डी५००पर्यंत पोचलो. २०१६च्या जानेवारीत हा कॅमेरा आणि त्याचा थोरला भाऊ डी५ एकाच दिवशी जाहीर झाले. थोरल्यानं घराण्याचं नाव काढलं. पुढच्याच वर्षी नासानं तसले ५३ कॅमेरे मागवले, त्यातले काही अंतराळ स्थानकासाठी. धाकटा आमच्याकडे पुण्यात आला. अंगानं मात्र तोही मजबूत : मॅग्नेशियमचा मिश्रधातू, कार्बन फायबर, सांध्यासांध्यांत रबरी सील. नुसती बॉडी बॅटरी-कार्डासकट ८६० ग्रॅम, त्यावर पक्षीवाल्यांची लाडकी २००-५०० लेन्स चढवली की आणखी सव्वादोन किलोंच्या वर. हे सगळं गळ्यात अडकवलं की माणूस आपोआप विनम्र होतो; मान वर राहतच नाही.

ब्रिटिश युद्धछायाचित्रकार डॉन मॅकलिन यांच्या निकॉन एफनं कंबोडियात बंदुकीची गोळी अडवली, ही गोष्ट निकॉनवाल्यांच्या बैठकीत निघाल्याशिवाय राहत नाही. आमच्या कंपूत ती इतक्या गांभीर्यानं सांगितली जाते, की ऐकणाऱ्याला वाटावं, सोलापूर रस्त्यानं भिगवणला जाताना अधूनमधून गोळीबार होत असावा. प्रत्यक्षात तिथं फार तर चहा सांडतो.

तर असा हा लढवय्या घरी आला आणि त्याच दिवसापासून त्याचे लाड सुरू झाले. जुना, प्लॅस्टिकच्या बॉडीचा कॅमेरा बिचारा फ्रिजवर पडलेला असायचा. कुणीही उचलावा, डायल हिरव्या ‘ऑटो’वर फिरवावी, फोटो काढावा, अंधार वाटला तर त्याचा फ्लॅश आपण होऊन टपकन वर यायचा. वारीत तो दुधाच्या पिशवीत डोकं घालून भिजला, कोकणात वाळूत लोळला, आणि तक्रार म्हणून त्यानं कधी केली नाही. नव्यासाठी मात्र ड्राय कॅबिनेट आलं. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीचे पांढरे तंतू पसरतात आणि ते साफ करायचे तर लेन्स उघडावी लागते, हे खरंच आहे. म्हणून आतली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवायची. जुलैत आमच्या घरात माणसांचे कपडे वाळत नव्हते, पण कॅमेरा खुटखुटीत कोरड्या हवेत होता. आईनं एकदा त्या कपाटात पापड ठेवायची परवानगी मागितली. मी दिली नाही. तिनं विचारायचं बंद केलं आणि ठेवले.

पहिल्या पावसात तर कमालच झाली. चार थेंब पडले आणि मी कॅमेरा शर्टाच्या आत घेऊन दुकानाच्या वळचणीला धावलो.

‘‘पावसात चालतो म्हणून घेतलास ना?’’ बायकोनं विचारलं.

मी तिला समजावून सांगितलं, की सीलिंग असणं वेगळं आणि वॉटरप्रूफ असणं वेगळं. बॉडीला रबर असलं तरी लेन्सच्या माउंटवर रबरी कडी नसेल तर पाणी तिथून शिरतं. आणि आत पाणी गेलं तर वॉरंटी हात वर करते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. उन्हाळ्याचा प्रश्न तिनं काढला नाही हे बरं झालं. कारण पुस्तिकेत लिहिलंय, कॅमेरा शून्य ते ४० अंशांत वापरावा. वाघ बघायला लोक ताडोबात जातात ते मे महिन्यात, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. म्हणजे कागदोपत्री त्या उन्हात वाघ चालतो, जिप्सीचा ड्रायव्हर चालतो, कॅमेरा तेवढा चालत नाही.

व्यावसायिक कॅमेऱ्याची खरी ओळख मला पटली ती त्याच्या डायलवर. तिथं ‘ऑटो’ नाही. धावणारा माणूस नाही, डोंगर नाही, फूल नाही. फ्लॅशही नाही. हे सगळं तुम्हाला येतं, असं तो गृहीत धरतो. माझ्याविषयी इतका विश्वास शाळेतही कुणी दाखवला नव्हता. शिवाय पक्षीवाल्या मित्रांच्या सल्ल्यावरून मी फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर टाकलं : अंगठ्यानं फोकस, तर्जनीनं क्लिक. उडत्या पक्ष्याला हे उत्तम. पण मुंजीत ‘‘काका, आमचा सगळ्यांचा एक काढा ना’’ म्हणून कॅमेरा पाहुण्यांच्या हाती दिला की पाहुणे बिचारे आपले शटरचंच बटण दाबतात. परिणामी आमच्या घराण्याचे अलीकडचे सगळे फोटो दोन प्रकारचे : माझ्याशिवाय आणि स्पष्ट, किंवा माझ्यासह आणि धूसर. हल्ली आत्या थेट सांगते, ‘‘तू त्या तोफेमागं राहा रे, मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकते मी.’’

आणि ते शटर. निकॉननं या कॅमेऱ्याच्या शटरची चाचणी दोन लाख क्लिकपर्यंत घेतलेली आहे. जुन्या स्कूटरचे किलोमीटर विचारावेत तसं सेकंडहँड कॅमेरा घेणारे पहिल्यांदा ‘शटर काउंट किती?’ हेच विचारतात. मी हिशेब मांडला. आठवड्याला पन्नास फोटो काढले तर दोन लाख संपायला ७७ वर्षं लागतात. म्हणजे कॅमेरा मृत्युपत्रात घालावा लागणार. पण हाच कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो. बोट उचललंच नाही, तर तेच आयुष्य साडेपाच तासांत संपतं. भिगवणला रोहित पक्षी उडण्याआधी पाण्यावरून धावत सुटतात, तेव्हा माझं बोट कुठल्या हिशेबानं चालतं हे सांगायला नको. आरसा आत धडाधडा आपटत असतो, आणि रात्री मी एकाच पक्ष्याच्या एकाच पायाच्या तीसेक फोटोंतून बरा पाय निवडत बसलेला असतो.

जूनमध्ये दिवे घाटात गेलो होतो. माउलींची पालखी सासवडकडे निघालेली, घाटभर पताका आणि टाळांचा गजर, वरून सरीवर सर. आम्ही हौशी मंडळी कॅमेऱ्यांना रेनकोट, त्यावर पिशवी, त्यावर छत्री अशा बंदोबस्तात उभे. शेजारी एक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होता. त्याच्या कॅमेऱ्याचा काळा रंग कोपऱ्यांवर उडून आतला धातू चमकत होता, ग्रिपचं रबर सुटलेलं होतं ते चिकटपट्टीनं धरलेलं. पाणी कॅमेऱ्यावरून ओघळत होतं. मधूनच तो गळ्यातल्या उपरण्यानं लेन्सची काच पुसायचा आणि पुन्हा उतारावर धावायचा.

‘‘अहो, भिजतोय की!’’ मला राहवलं नाही.

त्यानं एकदा माझ्या कॅमेऱ्याच्या पेहरावाकडे पाहिलं.

‘‘भिजू द्या हो,’’ तो म्हणाला. ‘‘ऑफिसचा आहे.’’

मी पिशवीची गाठ जरा घट्ट केली. माझ्या कॅमेऱ्याचे अजून सात हप्ते बाकी होते.