फुटक्या चित्राचे उपकार

हल्ली सुखवस्तू घरांतून एक नवी तक्रारखोर जमात तयार झाली आहे. भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही असतो, खाली एचडीचा बॉक्स असतो, महिन्याच्या महिन्याला पॅकचे पैसे जात असतात, हवा तो सिनेमा हव्या त्या वेळी लागत असतो. तरीही हा इसम सोफ्यावरून उठतो, पडद्यापाशी जातो, नायिकेच्या गालावर बोट टेकवतो आणि म्हणतो, "हे बघा, चौकोन दिसतायत." घरातले बाकीचे लोक त्याला "बाजूला हो, दिसत नाहीये" असं सांगतात. माझी सहानुभूती बाकीच्यांना आहे. त्यांना चित्र दिसत होतं. ते अडवलं या माणसानं.

मुळात त्याला काय मिळतंय याचा त्यानं हिशेब केलेला नसतो. स्टुडिओतल्या तारेतून एचडी चित्र धावतं तेव्हा सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट जात असतात. तेच चित्र आपण घरी मागवलं की पाच मेगाबिटांत, म्हणजे पन्नास लाख बिटांत भागतं. फुल एचडीला एवढा वेग पुरे, असं नेटफ्लिक्स स्वतःच ग्राहकांना सांगते. म्हणजे ढोबळ मानानं तीनशे भागांतला एक भाग आपल्यापर्यंत पोचतो, बाकीचे वाटेत गळतात. एखाद्या सरकारी योजनेबद्दल हा आकडा छापून आला असता तर विधानसभेचं कामकाज बंद पडलं असतं. इथे मात्र त्या एका भागात अख्खा सिनेमा होतो. गाणी वाजतात, खलनायक मरतो, रडणारे रडतात. इतक्या काटकसरीनं चालणारा दुसरा धंदा मला तरी ठाऊक नाही.

केबलवाल्यांची कर्तबगारी तर वेगळीच. आठ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पूर्वी एकच वाहिनी बसायची. मग केबल डिजिटल झाली. मुंबईत ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस, पुणे-नागपूर-नाशिककडे त्यापुढच्या मार्चअखेरीस. त्याच पट्ट्यातून आता सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट जातात. त्यात एचडी वाहिन्या किती बसतात? वडापच्या जीपमध्ये माणसं किती बसतात, तितक्या. कागदावर आकडा असतो, पण हात दाखवणाऱ्याला नाही म्हणायची पद्धत नाही. आतल्यांनी थोडं सरकून घ्यायचं असतं. अमेरिकेत २००८ च्या सुमारास केबल कंपन्यांनी दोन एचडी वाहिन्यांच्या जागेत तिसरी बसवायला घेतली, तेव्हा तिथल्या काही हौशी लोकांनी आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी शेजारी ठेवून केवढा गहजब केला होता. आपल्याकडे माणसं सरकून घ्यायला लहानपणीच शिकतात, त्यामुळे तशी वेळ आली नाही.

शिवाय जागेची वाटणी गरज पाहून होते. एका पट्ट्यातल्या वाहिन्यांपैकी ज्या चित्रात धावपळ जास्त, त्याला त्या क्षणी जास्त बिट मिळतात; शांत बसलेल्यांचे कमी होतात. शेजारच्या वाहिनीवर शेवटची ओव्हर सुरू झाली की आपल्या मालिकेतल्या सासूबाईंच्या सुरकुत्या उतरतात. मेकअपमननं जे तासभर खपून साधलं नसतं, ते दुसऱ्या शहरातला एक वेगवान गोलंदाज धावता धावता करून जातो.

चौकोनांकडे बोट दाखवणाऱ्यानं ते आले कुठून हेही पाहावं. नासिर अहमद यांचा जन्म बंगळूरचा. १९७० च्या दशकात ते अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातला ढोबळ भाग आणि बारीक तपशील वेगवेगळा मांडायचा आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील टाकून द्यायचा, या सगळ्यामागचं गणित त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी या कल्पनेसाठी त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पैसे मागितले होते. ते नाकारले गेले. आज जेपीईजी फोटो आणि डिजिटल टीव्ही त्या गणितावर उभे आहेत. टाकून किती द्यायचं, हे मात्र गणित ठरवत नाही, पट्टा ज्याच्या मालकीचा तो ठरवतो. थोडं टाकलं तर कुणाला कळत नाही, बरंच टाकलं तर गालावर चौकोन उमटतात. तीन भारतीय नावांनी जगाला दिलेल्या चौकोनांना नाक मुरडणं देशाभिमानाच्या दृष्टीनं शोभत नाही, एवढं नोंदवून पुढे जातो.

प्रत्येक चित्र पूर्ण पाठवण्याची उधळपट्टी या धंद्यात कुणी करत नाही. मधूनमधून एक चित्र पूर्ण येतं. त्यानंतर फक्त कुठं काय हललं तेवढं कळवलं जातं. साहजिकच जो हलत नाही तो सुंदर दिसतो. मराठी मालिकांचं मोठेपण इथं कळतं. दिवाणखान्यात आठ माणसं उभी आहेत, कुणीतरी काहीतरी भयंकर बोललं आहे, आणि पुढचं दीड मिनिट कुणीही पापणी हलवत नाही. कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर थांबतो, संगीत तेवढं आदळत राहतं. टीकाकारांनी याची वर्षानुवर्षं टिंगल केली. केबलच्या इंजिनिअरला विचारा, तो या दृश्याला हात जोडेल. बिटांची एवढी बचत योगनिद्रेच्या कार्यक्रमातही होत नसेल.

उलट ज्यांना हलल्याशिवाय राहवत नाही त्यांची दशा होते. पाऊस, आगीच्या ज्वाळा, उडालेल्या पाकळ्या, समुद्राचं पाणी, गुलाल, हजारो हात: यातलं एकही या तंत्राला झेपत नाही. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवरून थेट प्रक्षेपण होतं तेव्हा वरची सगळी मंडळी एकाच चौकटीत हजर असतात. मग चित्र हात टेकतं. गर्दीचा एकच गुलाबी लगदा होतो आणि त्यातला एकही चेहरा ओळखू येत नाही. आजारपणाची रजा टाकून विसर्जनाला गेलेल्या किती कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या यामुळे वाचत असतील, याचा विचार तक्रारखोरांनी कधी केलेला दिसत नाही.

कधी वाटेत थोडा डेटा हरवतो. मग पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत मागच्या दृश्यातला माणूस पुढच्या दृश्यात शिरून बसतो. बातम्या देणारीच्या खांद्यावर सिमेंटच्या जाहिरातीतला मिस्त्री उगवतो, मंत्रिमहोदयांच्या कपाळातून तुपाची बरणी डोकावते. लोक याला "चित्र फुटतंय" म्हणतात. पूर्वी असली चित्रं पाहायला जहांगीर आर्ट गॅलरीत जावं लागायचं आणि ती कळल्यासारखा चेहराही करावा लागायचा.

आता हवं तेव्हा मागवण्याच्या सोयीबद्दल. मागणीनुसार सिनेमा म्हणजे प्रत्येकाला आपल्या सवडीनं पाहता यावा, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात अख्ख्या सोसायटीला सवड रात्री नऊ वाजताच मिळते. सगळे एकदम मागतात आणि वाट अरुंद होते. त्यासाठी कंपनीनं एकाच सिनेमाच्या चार-सहा प्रती करून ठेवलेल्या असतात, अगदी स्पष्टपासून अगदी पुसटपर्यंत. वाट जशी असेल तशी त्यातली प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांनी आपल्याला वाढली जाते. सुरुवात बहुधा पुसट प्रतीनं होते. त्यामुळे दिग्दर्शक, लेखक, छायालेखक यांची नावं वाचता येत नाहीत, ती संपता संपता चित्र स्वच्छ होतं. ज्या छायालेखकानं ही चौकट रंगवायला जीव टाकला त्याचं नाव कळलं नाही तर काय बिघडलं? सिनेमा चांगला निघाला तर आपण हिरोचं नाव घेतो, वाईट निघाला तर सुचवणाऱ्याचं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपल्याकडच्या बड्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर एचडी थांबवून ४८० रेषांच्या वर जायचं नाही, असं ठरवलं, १४ एप्रिलपर्यंत. तार दमून जाऊ नये म्हणून. त्या दिवसांत मी अनेकांशी फोनवर बोललो. कणीक मिळत नाही, कामवाल्या बाई येत नाहीत, केस वाढले, सगळ्या तक्रारी ऐकल्या. चित्र उतरलंय असं एकजणही म्हणाला नाही. उलट "हल्ली फार छान छान बघतोय" असंच ऐकू यायचं.

यावर कुणी म्हणेल की हा अडाणीपणा झाला. तसं असेल तर तो आंतरराष्ट्रीय आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ च्या सुमारास काही लोकांना एक चित्रफीत दाखवली. अर्ध्यांना सांगितलं, ही एचडी आहे. अर्ध्यांना सांगितलं, साधी डीव्हीडी आहे. दोघांना दाखवलेलं चित्र एकच होतं. एचडीवाल्यांच्या खोलीत पोस्टर लावली, पत्रकं वाटली आणि टीव्हीला एक जास्त जाड केबल लावून ठेवली. एचडीवाल्यांना चित्र अधिक चांगलं वाटलं.

आपण या बाबतीत डच लोकांच्या पुढे आहोत, कारण आपल्याला जाड केबलसुद्धा लागत नाही. कितीतरी घरांत एचडी बॉक्स घेतला जातो, एचडी पॅकचे पैसे भरले जातात आणि तो बॉक्स टीव्हीला जुन्याच पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरनं जोडला जातो. त्या वायरीतून एचडी जाऊ शकत नाही. ५७६ रेषांचं जुनं चित्र जातं. तरी कोपऱ्यात वाहिनीच्या नावापुढे एचडी ही अक्षरं येतात आणि पाहणाऱ्याला जे हवं ते मिळतं. २०१९ च्या दररचनेत १३० रुपयांत, वर जीएसटी, १०० वाहिन्या मिळत आणि त्यात एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी मोजली जात असे. पिवळ्या वायरवाल्यांनी दोन दिल्या आणि एक पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर मी समाधानच पाहिलं आहे. असे एक गृहस्थ एचडीएमआय लावून दिल्यावर मला म्हणाले, "काय फरक पडला हो?" मग त्यांनी पाय जरा लांब करून बातम्या लावल्या.

दोष कुठे असतो, हा प्रश्नही एव्हाना सुटला आहे. एप्रिल २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा ८२ मिनिटांचा लढाईचा भाग आला. सगळं रात्रीचं युद्ध. दाबून दाबून घरी पोचलेल्या चित्रात काळ्या रंगाच्या पायऱ्या पडल्या आणि त्या पायऱ्यांत सैन्यं बुडाली. जगभरच्या लोकांनी विचारलं, कोण कुणाला मारतंय? छायालेखक फेबियन वॅग्नर यांनी खुलासा केला की चित्र अंधारं नव्हतंच, ते त्यांना ठाऊक होतं कारण शूट त्यांनीच केलं होतं. घरोघरच्या टीव्हींचं सेटिंग लोकांना जमत नाही. आमच्या केबलवाल्याचं म्हणणं याहून निराळं पण तितकंच पक्कं आहे. त्याला फोन केला की तो आधी "काका, बॉक्स बंद करून चालू करा" म्हणतो, आणि तरी चौकोन गेले नाहीत तर "वरूनच प्रॉब्लेम आहे." वर कोण, हे मी कधी विचारलं नाही. काही गोष्टींवर श्रद्धा ठेवावी लागते.

सेटिंगचं म्हणाल तर ते दुकानातून येतं तसंच ठेवावं. दुकानातल्या झगझगाटात उठून दिसावं म्हणून रंग भडक केलेले असतात. घरी आल्यावर त्यात पोळीही केशरी दिसते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालूच असते, तिच्यामुळे कोट्यवधींचा सिनेमा लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझनं खास व्हिडिओ काढून ही सोय बंद करा म्हणून विनवलं होतं. त्याला लग्नाच्या व्हिडिओची गोडी कळणार नाही. आणि जुन्या चौकोनी चौकटीचं चित्र ताणून पडदा भरायची सवय तर मुळीच मोडू नये. १९५२ चा 'लाखाची गोष्ट' लावा. त्यातले दोन कफल्लक कलावंत रुंदीला एक तृतीयांश वाढतात आणि लाख रुपये मिळायच्या आधीच खाऊन-पिऊन सुखी दिसू लागतात.

दिवाळीच्या जाहिराती आता सुरू होतील. ८के टीव्ही आला आहे. त्याच्या पडद्यावर फुल एचडीच्या सोळा पट, म्हणजे तीन कोटी एकतीस लाखांवर ठिपके असतात. ८के मध्ये चालणारी एकही वाहिनी आपल्या केबलवर नाही, त्यामुळे पंधरा ठिपके टीव्ही स्वतःच्या अंदाजानं भरेल आणि सोळावा वरून येईल. ज्यांच्याकडे पंचावन्न इंची आहे त्यांनी यंदा पंचाहत्तर इंची घ्यावा. चौकोन मोठे आणि सोफ्यावरून न उठता दिसतील, म्हणजे बाकीच्यांची अडचण होणार नाही. जुना टीव्ही दुकानदार परत घेतो आणि हप्ते बिनव्याजी मिळतात.