बाणाच्या डोक्यावर

रासायनिक समीकरण जुळवायला शिकताना मुलं आधी सभ्यता शिकतात. रेणूच्या पुढे हवा तो आकडा लावावा, पण त्याच्या पायाशी बसलेल्या आकड्याला हात लावू नये. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी नुसता २ लिहिला, की त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. तहान तशीच राहते आणि केस तेवढे पिंगट होतात. आमचे सर म्हणायचे, ऑक्सिजनकडे सगळ्यात शेवटी बघा. तो घरोघरी असतो, त्याची समजूत शेवटीच निघते. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी पॅरिसचा लव्हाझिए. पोटापाण्याला करवसुली करणाऱ्या या माणसाने हिशोबाची सवय हवेलाही लावली आणि १७८९ च्या ग्रंथात बजावलं, की अभिक्रियेत काही नवं निर्माण होत नाही आणि काही नाहीसंही होत नाही.

बीड जिल्ह्यात हा नियम दिवाळीनंतर जरा अवघड जातो. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि हजेरीपटाची डावी बाजू उजवीशी जुळेनाशी होते. लव्हाझिए असता तर म्हणाला असता, पोरं नाहीशी झालेली नाहीत. एखाद्या फडाच्या कडेला, कोपीत बघा. काही आजीपाशी असतात, काही हंगामी वसतिगृहात. टोळीचं गणित तर रसायनशास्त्रालाही कोड्यात टाकणारं. ऑक्सिजनचे अणू जोडीने हिंडतात, तरी मोजताना दोन धरतात. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता! मुकादमाच्या या समीकरणाला बोर्डाच्या परीक्षकाने अर्धा गुणही दिला नसता.

त्याच उसातल्या साखरेचं समीकरण मात्र देखणं जुळतं. कार्बन डायऑक्साइडचे १२ रेणू, पाण्याचे ११. त्यांतून साखरेचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे १२. दोन्हीकडचे अणू मोजून घ्या, एकही इकडचा तिकडे नाही. सूर्यप्रकाश मात्र कुठल्याच बाजूला नसतो. त्याला बाणाच्या डोक्यावर, बारीक अक्षरात बसवतात. ज्याच्यावाचून काही घडत नाही आणि जो बेरजेत धरला जात नाही, त्याची जागा तीच. पहाटे थंडीत फडात उतरणारा कोयता तर तिथेही लिहिलेला नसतो.

तेव्हा मुलांनो, दोन्ही बाजू जुळल्या म्हणून पेन लगेच खाली ठेवू नका. बाणाच्या डोक्यावर कोण राहून गेलं, तेही एकदा बघा. त्याला गुण नसतात, पण उत्तर त्याच्यावाचून पुरं होत नाही.