भारमान

अण्णा टीव्ही तपासतात. बघतात बाकीचे.

कराडच्या एसटी आगारात वाहक म्हणून लागले, पुढे वाहतूक नियंत्रक झाले आणि नोकरीची शेवटची वर्षं मार्ग तपासणी पथकात काढली. आडरस्त्यावर उभं राहून गाडीला हात करायचा, चढायचं, वाहकाचं हिशेबपत्रक म्हणजे वेबिल मागायचं, गाडी किती भरलीय ते म्हणजे भारमान बघायचं, डोकी मोजायची, तिकिटं मोजायची आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर चष्म्याच्या वरून वाहकाकडे नुसतं बघायचं. निवृत्तीच्या दिवशी महामंडळानं शाल आणि नारळ दिला, ओळखपत्र परत घेतलं. नजर परत घ्यायची राहून गेली. ती आता रोज संध्याकाळी सातपासून समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवर पडते.

मांडीवर दोनशे पानी वही असते. स्केलपट्टीनं आखलेले रकाने: कार्यक्रम, सीट, बोलणारे, नुसते उभे, जाहिराती, शेरा. 'सीट' म्हणजे कार्यक्रम चालवायला म्हणून पडद्यावर आलेलं प्रत्येक माणूस. अँकर, सूत्रसंचालक, निवेदिका, परीक्षक, तज्ज्ञ, अण्णांच्या लेखी सगळी सीटच. पाहुणा आणि स्पर्धक मात्र सीट नव्हे, तो माल. खरी मजा शेऱ्याच्या रकान्यात असते. लहान मुलांच्या गाण्याच्या एका स्पर्धेपुढे लिहिलंय: "सीट ५. गाणारी पोर १. पोर गायली दोन मिनिटं, पाच जण भारावले अकरा मिनिटं. पोरीला पाणी कुणी विचारलं नाही." भविष्याच्या कार्यक्रमापुढे: "सीट २. गुरुजी सांगतात, बाई होकार देतात. राशी १२, होकार १२." पाककृतीपुढे फक्त एक ओळ: "एक करते, दुसरी वा म्हणते. दुसरीचं तिकीट कुणी काढलं?"

"सर, तुम्ही शाळेत आहात," एकदा त्यांनी मला धरलं, "एका वर्गावर दोन मास्तर कधी पाठवलेत?"

"नाही हो. एक मिळायची मारामार."

"मग ह्या गाण्याच्या वर्गावर दोन कशापायी? एक म्हणतो, 'आता येतोय आपला पुढचा स्पर्धक.' दुसरी म्हणते, 'कोण बरं?' अगं बाई, तुझ्या हातात कागद आहे की!"

मी दुसऱ्या अँकरची बाजू घेऊन बघितली. म्हटलं, संवाद असला की कार्यक्रम हलता राहतो, एकाचं वाक्य अडकलं तर दुसरा सावरतो, पहिल्याला श्वास घ्यायला सवड मिळते. अण्णांनी रिमोट खाली ठेवला. रिमोट खाली ठेवणं म्हणजे पथकाची जीप रस्त्याच्या कडेला लागणं.

"दूरदर्शनच्या बातम्यांतले प्रदीप भिडे श्वास घेत नव्हते काय?"

या प्रश्नाला उत्तर नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढे कितीतरी वर्षं मराठी बातम्या म्हणजे एक टेबल, एक माणूस आणि कागदांची चळत. स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी तिथेच बातम्या द्यायच्या, भक्ती बर्वेही द्यायच्या. त्यांना कुणी सोबतीला लागलं नाही. दोन कार्यक्रमांच्या मधे एक निवेदिका यायची, पुढे काय आहे ते सांगायची आणि जायची. काही बिघडलं तर पाटी लागायची, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. अण्णांना या पाटीबद्दल फार आदर. "पगार नाही, भत्ता नाही, मेकअप नाही. काय झालंय ते सांगितलं, माफी मागितली, विषय संपला. आता व्यत्यय आला तर त्याच्यावर चर्चासत्र लावतील."

त्या दूरदर्शनवर पाहुणा 'हं' म्हणाला की पुढचं वाक्य येईपर्यंत आमच्या आईचा चहा उकळून व्हायचा, हेही मला आठवतं. पण तेव्हाच्या रटाळपणाचा रकाना अण्णांच्या वहीत नाही.

पैशाचा हिशेब हा अण्णांचा दुसरा मोर्चा. पूर्वी टीव्हीचं लायसन्स होतं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि वर्षभर गप्प बसायचं. मग केबलवाला आला, तो म्हणेल ती पूर्वदिशा. २०१९ मध्ये ट्रायनं नवी पद्धत आणली: पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर पैशाच्या वाहिन्या निवडून घ्यायच्या. सगळा महाराष्ट्र या भानगडीनं वैतागला. अण्णांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीचं दरपत्रक हातात आलं. त्या रात्री ते झोपले नाहीत असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सांगतात.

"एकोणीस रुपयांचं चॅनल. तीस दिवसांचा महिना. दिवसाला त्रेसष्ट पैसे," अण्णांनी मला वही दाखवली. "आता ह्या कार्यक्रमात सीट चार."

"म्हणजे माणशी सोळा पैसेसुद्धा पडत नाहीत, अण्णा. आणि दिवसभरात दुसरेही कार्यक्रम असतातच. ही काही लूट नव्हे."

"सोळा पैशाचा प्रश्न नाही, सर. विनातिकीट माणूस सापडला की तो किती टप्पे आला ते नंतर बघायचं. आधी विचारायचं, तू गाडीत का?"

हे तत्त्व आहे, आणि तत्त्वाला पैशात उत्तर देता येत नाही. जाहिरातींचंही तसंच. तासाला बारा मिनिटांच्या वर जाहिराती नकोत, दहा मालाच्या आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या, असा नियम आहे हे अण्णांना कुठून कळलं देव जाणे. तेव्हापासून त्यांचं मनगटी घड्याळ सोफ्याच्या हातावर काढून ठेवलेलं असतं. तेरावं मिनिट लागलं की ते काकूंना हाक मारतात. काकूंनी येऊन काय करायचं हे ठरलेलं नाही. त्या येतात, टीव्हीकडे बघतात, "बरं," म्हणतात आणि परत जातात.

अण्णांचे काही लाडकेही आहेत. आदेश बांदेकर त्यात पहिले. २००४ पासून कितीतरी वर्षं एक माणूस घरोघरी जायचा, खेळही तोच घ्यायचा, पैठणीही तोच द्यायचा. "एकटा फेरी मारून आला," अण्णा म्हणायचे, आणि याहून मोठं प्रशस्तिपत्रक त्यांच्याकडे नाही. अमिताभ बच्चनही पास. क्रिकेट मात्र कायमचं नापास. २००३ च्या विश्वचषकात मंदिरा बेदी समालोचकांच्या शेजारी येऊन बसली तेव्हा देश तिच्या कपड्यांची चर्चा करत होता, अण्णा खुर्च्या मोजत होते. आता तर आयपीएलला भाषागणिक वेगळी टोळी असते, मराठीचीही. टॉसच्या आधी तासभर माजी खेळाडू गवतावर उभे राहतात आणि ज्यांच्या धावा जास्त होतील ते जिंकतील, या निष्कर्षाला आळीपाळीनं येऊन पोचतात.

मधे इंग्लंडहून भाचा आला होता, तो स्लाऊला असतो. त्यानं सांगितलं की तिकडे टीव्हीचं लायसन्स अजून आहे, २०२५ मध्ये ते वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स होतं, आपले वीसेक हजार. आमच्या कॉलनीतले लोक हळहळले. अण्णा ताठ बसले. "लायसन्स आहे म्हणजे पब्लिक मालक झालं. मग पब्लिकनं विचारायचं कुणाला?" भाच्यानं सांगितलं, विचारतात की. २०१७ साली बीबीसीला दीड लाख पौंडांच्या वर कमावणाऱ्या आपल्या पडद्यावरच्या माणसांची यादीच जाहीर करावी लागली. सगळ्यात वर ख्रिस इव्हान्स, रेडिओ धरून बावीस लाख पौंडांच्या वर. आदल्याच वर्षी हा गृहस्थ 'टॉप गिअर' नावाच्या मोटारींच्या कार्यक्रमाचा मुख्य होता. त्याच्या आधी तो कार्यक्रम तिघं चालवायचे आणि जग बघायचं. ते गेल्यावर सहा जण नेमले, वर हेल्मेट घातलेला 'स्टिग' होताच, तो तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसती गाडी चालवायचा. एका हंगामात इव्हान्स सोडून गेला.

अण्णांनी भाच्याला तीन गोष्टी परत सांगायला लावल्या: यादी, सहा, आणि न बोलणारा.

"तेवढा एकच भरतीच्या वेळी नीट निवडला," ते म्हणाले. वहीत बीबीसीचं खातं त्या दिवसापासून उघडलं, त्यात आजवर एवढीच नोंद आहे: "स्टिग. योग्य."

इथपर्यंत अण्णांची गंमत करता येते, आणि कॉलनी ती मनसोक्त करते. चर्चेच्या कार्यक्रमात आठ चौकटींतून आठ माणसं ओरडत असतात तेव्हा नववा आवाज अण्णांचा असतो, आणि तो सगळ्यात मोठा असतो, हे काकूंनी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. "अहो, ती काय म्हणतेय ते ऐकू तरी द्या." "काही म्हणत नाही ती!" हे अण्णा इतक्या जोरात म्हणतात की खरंच काही ऐकू येत नाही.

पण एका पावसाळ्यात कोयना धरणाचे दरवाजे उचलले होते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर पाणी चढत होतं. घाटावर एका वाहिनीचा मुलगा उभा होता. विशी-पंचविशीतला, आमच्याच भागातला. तिपायीवर मोबाइल, हातात माइक, कानात वायर, अंगावर कॉलर फाटलेला रेनकोट. मुंबईच्या स्टुडिओत त्या वेळी तिघं होते: एक निवेदक, एक निवेदिका आणि नकाशापुढे उभी असलेली तिसरी. तिघांनी पाऊस पडतोय असं एकमेकांना सांगितलं. मग त्या मुलाला विचारलं, "काय परिस्थिती आहे?" तो म्हणाला, "जसं आपण म्हणालात, पाऊस पडतोय." मग मुंबईवाले दुसरीकडे वळले आणि तो परत आपली पाळी येण्याची वाट बघत तसाच उभा राहिला, कानातली वायर एका हातानं दाबून. अण्णा घरात हे बघत होते. ते उठले, छत्री घेतली, घाटावर गेले आणि त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. पुढच्या वेळी मुंबईनं विचारलं तेव्हा पडद्याच्या कडेला अण्णांचं कोपर दिसत होतं. सगळ्या कॉलनीनं ओळखलं.

दोन फेऱ्यांच्या मधे त्यांनी त्या पोराची चौकशी केली. पगार नव्हता. बातमी लागली तर बातमीमागे पैसे, तेही मिळतील तेव्हा. पेट्रोल त्याचं. मोबाइलही त्याचा.

त्या रात्रीची नोंद मी स्वतः वाचली आहे. "चालक १, भिजलेला. वाहक ३, कोरडे." शेऱ्याचा रकाना मोकळा.

"आमच्या महामंडळानं सातारा–पुणे विनावाहक गाड्या सुरू केल्या," ते मला म्हणाले, आवाज नेहमीपेक्षा खाली होता, "का, तर माणसाचा खर्च वाचतो. बरं, वाचवा. इथं बघा, खुर्चीवर माणसं वाढवतात आणि नदीवर एकच ठेवतात, तोसुद्धा रोजंदारीवर. भारमान कुठं धरायचं, सर?"

मी शाळेत आहे, वाहिनीत नाही, तरी इतकं मला कळतं की पूर, रस्ता, दवाखाना असल्या ठिकाणी माणूस धाडायचा तर गाडी लागते, वेळ लागतो. स्टुडिओत खुर्ची सरकवून घेतली की झालं. तिथल्या तिथे चार जणांनी बोलत राहणं हा तास भरायचा स्वस्त मार्ग आहे. अण्णांचा सोळा पैशांचा हिशेब हास्यास्पद असेल. त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं ती जागा मात्र बरोबर आहे.

राहता राहिला आमचा गणेशोत्सव. बक्षीस समारंभाला सूत्रसंचालक दोन, कारण एक अध्यक्षांची सून आणि दुसरा सचिवांचा मुलगा. प्रास्ताविक तिसऱ्याचं, पाहुण्यांची ओळख चौथ्याकडे, सत्काराची नावं पाचवा वाचणार, पाहुण्यांचं मनोगत झाल्यावर अध्यक्षीय समारोप सहावा करणार. म्हणजे टीव्हीवाल्यांनी नवं काही केलेलं नाही, आपल्याच मंडपातून माणसं उचलून नेली आहेत. आणि सातवे, गेली कित्येक वर्षं न चुकता, आभारप्रदर्शनाला अण्णा. यंदा त्यांनी मंडपवाला, स्पीकरवाला, मूर्तिकार, लाईट न घालवल्याबद्दल वीज कंपनी, उघडीप दिल्याबद्दल पाऊस, आणि गल्लीतून गाडी हळू चालवल्याबद्दल दूधवाला यांचे सविस्तर आभार मानले. मग विसर्जन मार्गाचा इतिहास सांगितला.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "अण्णा, तुमची सीट धरायची का?"

"आभार सीटमध्ये येत नाहीत, सर. ती उतरायची घंटी असते."

अण्णांच्या घरी आलो तर काकू वही घेऊन बसल्या होत्या. नवं पान, रकाने हातानंच आखलेले, थोडे वाकडे. "आभार. सीट १. बोलणारे १. वेळ पस्तीस मिनिटं. सुरुवातीला माणसं साठ-सत्तर. शेवटी मंडपवाला, कारण खुर्च्या त्याच्या."

अण्णांनी नोंद दोनदा वाचली. खिशातून लाल पेन काढलं, खाली 'तपासले' असं लिहून सही केली, तारीख घातली. मग थोडा विचार करून शेऱ्याच्या रकान्यात भर घातली: "मंडपवाला प्रवासी धरू नये."