चौथ्या वर्षाचे स्वागत असो

तीन वर्षांत पदवीधर होऊन साताऱ्याच्या स्टँडवर पोलीस भरतीच्या जाहिराती वाचणे फार झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यावर चार वर्षांची ऑनर्स पदवी काढली. बेरोजगारी एका फटक्यात वर्षभर पुढे गेली. रोजगार हमीलाही हे जमले नव्हते.

शिवाय दारे सगळीकडून उघडी. पहिल्या वर्षानंतर सोडले तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. मिळवलेले श्रेयांक बँकेत सात वर्षे सुरक्षित. (बँकेत काहीतरी सुरक्षित राहते, याचे सांगलीकर ठेवीदारांना विशेष अप्रूप.) पण एवढ्यावरच का थांबावे? अर्ज भरून घरी परतलेल्यालाही निर्गमन प्रमाणपत्र द्यावे आणि जो कॉलेजसाठी विश्रामबागेच्या स्टॉपला उतरलाच नाही, त्याला विशेष प्रावीण्य.

संशोधनासह ऑनर्स हवे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. नियम कडक आहे, तो असावाच. मार्गदर्शनाला पीएच.डी. झालेले सर असतात, तासिका तत्त्वावर. प्रवेशाच्या दिवशी ते स्वतः खिडकीपाशी उभे होते. एका हुशार पोराचा अर्ज त्यांनीच भरून दिला आणि हळूच म्हणाले,

"घे बाबा चौथं वर्ष. तुझं काय व्हायचं ते होईल, माझे तास तरी टिकतील."